क्रॉसिंगचे दिवस

बारावीचा परागणाचा धडा जुलैत येतो. तोवर मिरजेची हवा दमट झालेली असते, कॉलेजच्या मागच्या भिंतीवर शेवाळ चढलेलं असतं आणि वर्गात ओल्या छत्र्यांचा वास कोंडून राहिलेला असतो. मी वाटेतल्या एका कुंपणावरून जास्वंदीची दोन-तीन फुलं मागून घेते आणि वर्गात नेते. जास्वंद शिकवायला सोयीची. सगळं उघड्यावर असतं. मधोमध लांब दांडा, त्याच्यावर परागांचे पिवळे ठिपके आणि अगदी टोकाला मखमलीची पाच लाल बोंडं. नर आणि मादी एकाच फुलात, इतके जवळ की वाऱ्यानं फूल जरा हललं तरी काम व्हावं.

मागच्या वर्षी कवठेमहांकाळकडच्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "मॅडम, सेल्फनं भागतंय की. मग झाडं कशाला एवढा खटाटोप करत्यात? माशी बोलवा, वास सोडा, मध तयार करा."

वर्ग हसला. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. स्वपरागण खात्रीचं असतं. कुणाची वाट बघावी लागत नाही. पण पिढ्यान् पिढ्या तेच ते होत राहिलं की वाण कमजोर होतो. म्हणून बरीच झाडं ते टाळायला बघतात. काहींचे पराग आधी पिकतात, काहींची मादी आधी. काही झाडं तर स्वतःचे पराग ओळखतात आणि नाकारतात. मुलांनी ते लिहून घेतलं. तास संपला. स्टाफरूममध्ये येऊन मी फुलं टेबलावर ठेवली आणि बराच वेळ माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाकडे बघत बसले.

भेंडी जास्वंदीच्याच कुळातली. आणि माझ्या आयुष्यातला एक अख्खा पावसाळा मी भेंडीच्या रानात, या अंगठ्याच्या नखानं काढला आहे.

ते रान वडूजपासून आत, माझ्या सासरी. तिकडे पाऊस जेमतेम. ढग येतात, सावली टाकतात आणि पुढे निघून जातात. त्या वर्षी विहिरीला पाणी होतं म्हणून घरच्यांनी भेंडीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट घेतला होता. त्याच वर्षी चैत्रात माझा नवरा विलास गेला. तो सैन्यात होता. राजस्थानात त्यांची गाडी उलटली. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि त्यातलेही बरेचसे दिवस त्याच्या रजेची वाट बघण्यात गेले होते. मूलबाळ नव्हतं.

लोक म्हणायचे, पोरगी धीराची आहे. मला तर काही होतच नव्हतं. चहा पुढे आला की प्यायचा. जेव म्हटलं की जेवायचं. मीठ कमी की जास्त ते कळायचं नाही. बायका गळ्यात पडून रडायच्या, तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मनात यायचं, हिच्या ब्लाउजची शिवण उसवलीय. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी होते. वाईहून माझा भाऊ न्यायला आला, तेव्हा त्याला म्हटलं, राहते इथंच. जायचं म्हटलं असतं तर तेही चाललं असतं. उठायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. उंच, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणाऱ्या. मुलगा गेल्यावर त्या आणखी कमी बोलायला लागल्या. श्रावण लागला तशी भेंडी फुलावर आली आणि एका दुपारी त्यांनी माझ्या हातात विलासचा जुना हिरवट शर्ट दिला. "घाल वरनं. भेंडी लय खाजती. बाही खाली ठिव."

रानातल्या सगळ्याच बायका साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट चढवायच्या. मी शर्ट घातला. त्याला कशाचाच वास नव्हता.

काम असं. रानात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. मादी म्हणजे काही निराळी नव्हे; तिच्याही फुलात दोन्ही असतंच. तिला मादी करावं लागतं. दुपार कलली की मादीच्या ओळींतून फिरायचं आणि उद्या उमलणारी कळी हेरायची. तिचं टोक फुगलेलं असतं, फटीतून पिवळं डोकावत असतं. मग अंगठ्याच्या नखानं कळीच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि टोपी काढावी तसं सगळं अलगद वर ओढायचं. पाकळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर परागांची नळीही निघून येते. मागे उभा राहतो नुसता एक नाजूक दांडा आणि त्याच्या डोक्यावरची गडद मखमल. त्यावर लाल कागदाची नळी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची उमललेली फुलं खुडून आणायची, लाल नळी काढायची आणि ते फूल मखमलीवर हळूच फिरवायचं. मग देठाला दोरा. दोरा म्हणजे हे झालं. या सगळ्याला रानात एकच शब्द, क्रॉसिंग.

नख जरा खोल गेलं तर आतली कोवळी शेंग चिरते. जरा वर राहिलं तर पराग मागे राहतात. बाकीच्या बायकांच्या दहातल्या एक-दोन कळ्या वाया जायच्या, नव्या बायकांच्या तर निम्म्या. माझी एकही जात नसे. हात थरथरायला हात माझे असावे लागतात. ते कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे नीट, सावकाश काम करत राहायचे.

आणि हुकलेली कळी. कितीही बारकाईनं बघितलं तरी मादीच्या ओळीत एखादी राहून जायची आणि सकाळी पूर्ण उमललेली दिसायची. पिवळीधमक, आत लालसर डोळा. तिचं आपलं आपण झालेलं असायचं. ती तोडून टाकायची. बियाण्यात ती चालत नाही. आत्या तोडताना म्हणायच्या, "झालं हिचं सेल्फ." आणि फूल पायाखाली टाकून पुढे.

मी वाईला बी.एस्सी. केलं होतं, वनस्पतिशास्त्र घेऊन. लग्न ठरलं म्हणून पुढचं राहिलं. तेव्हा पुस्तकात वाचलेलं बरंच काही त्या रानात डोळ्यांसमोर होत होतं आणि माझ्यापर्यंत येत नव्हतं. एकदाच आलं. बांधालगत केना माजला होता. तोच, निळ्या फुलांचा, ज्याची भजी करतात तो. आत्या म्हणाल्या, "मुळासकट काढ, न्हाईतर परत यील." मी ओढला, माती झटकली, तर मुळांपाशी पांढुरक्या बारीक गाठी. त्या गाठी म्हणजे फुलं. केना वर निळी फुलं उमलवतो आणि मातीच्या आत ही दुसरी फुलं धरतो. ती कधी उमलत नाहीत. ऊन नाही, वारा नाही, माशी नाही. बंद कळीतच पराग आणि बंद कळीतच बी. मी ती जुडी हातात धरून उभी राहिले. शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "काय गावलं गं?" मी म्हटलं, "काही नाही, केना."

भाद्रपदात तात्या आले. तात्या म्हणजे विलासचे मोठे चुलते. सासरे हयात नव्हते, घरातले कर्ते तेच. दुसऱ्या वाडीला राहायचे, पण या घरातलं कुठलंही लग्न, वाटणी, विहीर त्यांना विचारल्याशिवाय झाली नव्हती. ओसरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि सरळ विषयाला हात घातला.

"किरणचं वय झालंय. पोरगी बी वयानं बारीक हाय. बाहेर कुटं बघत बसायचं? घरातल्या घरात होऊन जाऊ दे. घर मोडत न्हाई, जे काय हाय ते घरात ऱ्हातंय. लोकं बी नाव ठिवणार न्हाईत."

किरण म्हणजे विलासचा धाकटा भाऊ. माझ्याहून थोडा लहान. भरतीला जाऊन दोनदा परत आलेला, आता शेती बघायचा. तो तिथंच खांबाला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. माझ्या भावाशीही तात्यांचं बोलणं झालेलं होतं. त्याचीही हरकत नव्हती. हे सगळे वाईट लोक नव्हते. एका बाईचं पुढं काय, याचं त्यांना ठाऊक असलेलं उत्तर ते देत होते.

तात्या माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं हाय, पोरी?"

मी म्हटलं, "चालेल."

त्यांनी मला चहात साखर हवी का विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. याच आवाजात. तात्यांनी समाधानानं मान हलवली. आत्यांनी रिकामा तांब्या उचलला आणि आत गेल्या. वर्षश्राद्ध झालं की उरकून घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखंच रानात. कळी हेरायची, चीर, टोपी, लाल नळी. काही बदलल्यासारखं वाटलं नाही. काही दिवसांनी किरण पाण्याची नळी सरकवत माझ्या ओळीच्या टोकाला आला. बराच वेळ नळीशीच खटपट करत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तुमी न्हाई म्हणा."

मी हातातली कळी पुरी केली.

"तात्यांम्होरं मला तोंड उघडत न्हाई. तुमी म्हणला तर आयकतील." मग नळी खाली ठेवून, "तुमी दादाचा शर्ट घालता. लांबनं मला दादाच उभा हाय असं वाटतंय. रोज वाटतंय. मी काय करू, सांगा."

हे ऐकून काहीतरी व्हायला हवं, एवढं मला समजत होतं. हा मुलगा रडायच्या बेतात आहे, हे दिसत होतं. मी म्हटलं, "बघू." तो मोटर बंद करायला गेला.

मग ती दुपार. ऊन-सावली चालू होती, भेंडी छातीएवढी झालेली, पानांची कुसळं हवेत उडत होती. आत्या शेजारच्या ओळीत. बारीक कळी धरायला सोपं जावं म्हणून मी कधीतरी बाह्या वर केल्या असणार आणि खाली घ्यायचं विसरले असणार. एक दिवस नव्हे, बरेच दिवस. लाल नळ्या घ्यायला मी हात पुढे केला आणि आत्यांनी तो मनगटाशी धरला.

"हे काय गं?"

मी बघितलं. कोपरापर्यंत कातडी लालभडक, जागोजागी सोललेली. काही ठिकाणी खपल्या धरून परत निघाल्या होत्या. झोपेत खाजवत असणार.

"दुखत न्हाई?"

"नाही."

"आग हुत न्हाई?"

"नाही."

त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यानं एका सोललेल्या जागी दाबलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. काय ते त्यांना कळलं असावं. हात सोडून त्या म्हणाल्या, "चल घरला."

काम अर्धं टाकून आत्या रानातून निघाल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं. घरी त्यांनी माझे हात धुतले, खोबरेल लावलं, जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या. मग पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "तूबी ये." आम्ही दोघी चालत तात्यांच्या वाडीला गेलो.

तात्या अंगणात दावं वळत होते. आत्या थोरल्या दिरासमोर कधी बसत नसत. त्या दिवशीही उभ्याच राहिल्या, डोक्यावर पदर, आवाज खाली.

"आवं तात्या, किरणचं जे ठरवलंय ती मी मोडती."

तात्यांनी दावं खाली ठेवलं. "पोरीनं व्हय म्हणलंय. तुमच्याच म्होरं म्हणलंय."

आत्यांनी माझा हात पुढे ओढला आणि पट्टी सोडली. "ह्यो हात बघा. हिला ह्यो कळत न्हाई. ज्या बाईला आपला हात सोलल्याला कळत न्हाई, तिचा व्हकार मी कसा धरू?"

तात्यांनी वाकून हात बघितला. मग म्हणाले, "औषदपाणी करा. बरं हुईल. लगीन काय उद्या न्हाई."

"बरं होऊ द्या. मग तिला इचारू. तवा ती काय म्हणंल ती म्हणंल."

"आन् बाहीर जायचं म्हणली तर?"

"जाईल."

"घर मोडलं मग."

"एक माणूस गेलंय तात्या," आत्या म्हणाल्या. "घर त्यानं मोडलंय. हिच्या जिवावर किती दिस उभं ठिवायचं?"

तात्या रागावले. पुढे काही महिने आमच्याकडे आले नाहीत. त्या वेळी मात्र ते दावं उचलून वळायला लागले.

हातांची आग मला त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाली. सकाळी गार पाण्यात हात घातला आणि कळ कोपरापर्यंत चढली. मी मोरीत बसून राहिले, हात पाण्यात तसाच ठेवून. पुन्हा बाहेर काढला, पुन्हा घातला. दुखत होतं. त्या दिवशी तेवढंच. एका गालात शुद्ध येते आणि बाकीचं तोंड अजून मेलेलंच असतं, तसं.

शेंगा वाळल्या, उकलल्या, बी निघालं. दोरा बांधलेल्या शेंगांचं वेगळं, बाकीचं फेकून. माझ्या ओळींचं बी चांगलं उतरलं, असं सगळे म्हणाले. वर्षश्राद्ध झालं. आत्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं की मला पुढं शिकायचंय. ते खरंच हवं होतं का, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. पण 'चालेल' म्हटलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मी कोल्हापूरला एम.एस्सी.ला गेले, मग बी.एड., मग मिरजेची ही नोकरी. किरणचं लग्न तासगावकडच्या मुलीशी झालं. त्याला एक मुलगी आहे, सुट्टीत माझ्याकडे येते आणि माझ्या कुंड्यांमधली फुलं तोडून ठेवते. मी पुन्हा लग्न केलेलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही. काही वर्षं तर अशी गेली की मी इथं नुसती शिकवत होते, खात होते, झोपत होते. शुद्ध एकदम येत नाही. ती एखाद्या बोटातून, एखाद्या कोपऱ्यातून येते, आणि तिथंच थांबून राहते बराच काळ. परागणाचा धडा शिकवताना अजूनही माझा आवाज मला जरा लांबून येतो.

कोल्हापूरला निघायच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आत्या मला सोडायला वडूजच्या स्टँडवर आल्या होत्या. कराडच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकड्यावर बसलो, मध्ये माझी पिशवी. समोर एक माणूस पेरू विकत होता आणि माश्या हाकत होता.

"इलासचा बा गेला तवा इलास माझ्या वटीत हुता," आत्या एकदम म्हणाल्या.

विलास आणि किरणचे वडील वेगळे; ते दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ. विलासचे वडील गेल्यावर त्यांच्या धाकट्या भावाशी आत्यांचं लावून दिलं, हे मला लग्नातच कुणीतरी कानात सांगितलं होतं. पण त्या घरात त्याबद्दल बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तात्यांनी इचारलं. मी व्हय म्हणलं. चा पिती का म्हणल्यावर म्हणत्यात न्हवं, तसं."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"त्यो माणूस वाईट न्हवता गं. कवा हात उगारला न्हाई. इलासला कवा परकं केलं न्हाई. रानातनं येताना माझ्यासाटी कायतरी घिऊन यायचा, बोरं म्हणू नगं, हुरडा म्हणू नगं. आनायचा आन् बोलत बसायचा. पावसाचं, बैलाचं, गावातलं. मी आपली काम करत ऱ्हायची." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला जाग आली तवर लय वर्सं गेली हुती. एक दिस त्याच्याकडं नीट बघितलं तर केस पांढरं झाल्यालं. म्हणलं, आगं बाई, ह्यो एवढी वर्सं एकटाच बोलत हुता की."

"मग बोललात त्यांच्याशी?"

"बोलले की. थोडं. मग त्योबी गेला."

गाडी लागली. गर्दी दाराशी धावली. मी खिडकीची जागा धरली, आत्यांनी खालून पिशवी वर दिली. कंडक्टरनं दोरी ओढली आणि गाडी मागे सरायला लागली. आत्या तिथं थांबल्या नाहीत. वळून परत बाकड्याकडे निघाल्या; गावाकडची गाडी यायला अजून वेळ होता.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली. मोठ्यानं. शेजारचा माणूस दचकून बघायला लागला. आत्या थांबल्या, वळल्या, कपाळावर हात धरून माझी खिडकी शोधू लागल्या.

"काय गं?"

काय म्हणायचं ते मी ठरवलंच नव्हतं. गाडीनं तोंड वळवलं होतं.

"घरी गेल्यावर जेवा," मी ओरडले.

त्यांनी ऐकू आल्यासारखी मान हलवली.